डेलिया कधी आणि कसा लावायचा: कटिंगपासून कंद साठवण्यापर्यंतची कामं, क्रमाने

ज्यांचा डेलिया दरवर्षी फसतो त्यांच्याशी बोललं की बहुतेक वेळा एकच गोष्ट पुढे येते. काम सगळं केलेलं असतं, पण चुकीच्या वेळी. एप्रिलमध्ये कंद लावला, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं. काठी लावली, पण झाड कलंडल्यावर. खत घातलं, पण रोपाने मुळं धरायच्या आधी. शेंडा खुडला, पण कळी दिसल्यावर. गुलाब किंवा जास्वंद अशा चुका पोटात घालतात. डेलियाला सगळा मिळून पाच महिन्यांचा हंगाम मिळतो, त्यामुळे एक काम मागे-पुढे झालं की ते वर्ष गेलंच म्हणायचं. म्हणून हा लेख कामांच्या क्रमानेच लिहिला आहे. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

त्या व्हिडिओंचं आधी सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत हिवाळा संपला, रात्री दव गोठायचं थांबलं की एप्रिल-मेमध्ये कंद लावतात आणि शरद ऋतूत दव पहिल्यांदा गोठलं की उपटतात. तिकडे राहणाऱ्यांनी तसंच करावं. आपल्याकडे मात्र सगळं उलटं आहे: डेलिया पावसाळा सरताना लावायचा, थंडीत फुलवायचा आणि उन्हाळ्यात झोपवायचा.

## १. आधी तारीख ठरवा, मग खरेदी करा

डेलियाला दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा लागतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असं हवामान असतं. फुलं त्या काळात हवी असतील तर रोपं २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत गेली पाहिजेत.

त्याआधी लावलं तर परतीचा पाऊस कोवळी मुळं कुजवतो. उशिरा लावण्यातला तोटा चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो नीट समजून घ्या. दिवस साधारण १२ तासांपेक्षा लहान झाला की डेलियाचा ओढा जमिनीखाली कंद भरण्याकडे वळतो. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावलेलं रोप तोवर अंगाने भरलेलं असतं आणि कंदही भरतं, फुलंही देतं. नोव्हेंबरच्या शेवटी लावलेलं रोप मात्र लहान असतानाच कंद धरू लागतं, हातभर वाढून दोन-चार किरकोळ फुलं देतं आणि थांबतं. लोक त्याला खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात. खताचा तिथे काही संबंध नसतो.

मुंबई, ठाणे, कोकण किनारा आणि गोव्यात रात्रीचा उकाडा उशिरा कमी होतो. तिथे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बरा, आणि मोठ्या फुलांच्या हट्टापेक्षा बुटक्या जाती घ्याव्यात. विदर्भात थंडी छान मिळते, पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढायला लागतं, म्हणून तिथे उशीर अजिबात परवडत नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय हात लावू नये.

अनेक घरांत दसऱ्याला लावणी करायचा नेम असतो. नेम चांगला आहे, पण तिथी सरकते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला येतो. तेव्हा इंग्रजी तारीख आणि प्रत्यक्ष पाऊस बघून ठरवा.

तपासा: सलग चार-पाच दिवस पाऊस नाही आणि वरची माती भुरभुरीत झाली आहे, तरच पुढे जा.

## २. बी, कटिंग की कंद?

पहिल्यांदाच लावत असाल तर कटिंगपासून, म्हणजे कोवळ्या कोंबाचा तुकडा लावून तयार केलेली रोपं घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. ती नर्सरीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छोट्या पिशवीत मिळतात, जात आणि रंग ठरलेला असतो, आणि कंद फुटतो की नाही याची वाट बघण्यात महिना जात नाही.

बियांपासून होतात त्या मुख्यतः बुटक्या जाती, एक-दीड फूट उंचीच्या. वाफ्याच्या कडेला किंवा गॅलरीतल्या कुंडीत त्या सुरेख दिसतात. सप्टेंबरच्या मध्यावर बी पेरलं तर आठवडाभरात उगवतं आणि डिसेंबरमध्ये फुलं येतात. फक्त एक लक्षात ठेवा: आवडलेल्या मोठ्या फुलाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल मिळत नाही. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे प्रत्येक बीज वेगळं निघतं. तेच फूल हवं असेल तर कंद किंवा कटिंग, तिसरा मार्ग नाही.

कंदांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नसतात. डोळा असतो तो कंदाच्या मानेच्या वर, जिथे कंद जुन्या खोडाच्या बुंध्याला चिकटलेला असतो तिथेच. ज्वारीच्या दाण्याएवढा, किंचित गुलाबी किंवा हिरवट उंचवटा. बुंध्याचा तुकडा न घेता मोडून काढलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्याला फुटवा येत नाही. मातीत तो महिनोन् महिने ताजा राहतो, मुळंही सोडतो, पण वर कोंब काही येत नाही. मान मोडून लोंबणारा कंदही तसाच निकामी. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पाकिटांत असे कंद पुष्कळ असतात. पाकीट आल्या दिवशीच उघडा, प्रत्येक कंदाचा डोळा बघा, नसेल तर लगेच फोटो काढून परत करा.

सावध: डिसेंबरमध्ये फुलासकट कुंडी विकत घेतली असेल तर ती मोकळी करून माती झटकू नका. मुळांचा गोळा आहे तसा उचलून दोन इंच मोठ्या कुंडीत बसवा आणि भोवतीने नवी माती भरा.

## ३. जागा आणि माती: लावणीच्या दोन आठवडे आधी

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, त्यातही सकाळचं. जागा उन्हाळ्यात बघून ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे मे महिन्यात उन्हात असलेली उत्तरेकडची गॅलरी थंडीत पूर्ण सावलीत जाते. दक्षिण किंवा पूर्व बाजू उत्तम.

काळ्या मातीत डेलिया थेट लावू नये. ती पाणी धरते आणि कंद कुजतात. एक फूट उंच गादीवाफा करा आणि त्यात काळी माती निम्म्याहून कमी ठेवा, बाकी पोयटा (गाळाची माती), कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू. कुंडीसाठी हे मिश्रण चालतं:

- पोयटा किंवा लाल माती ४ घमेली
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट २ घमेली
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ घमेलं
- जाड वाळू १ घमेलं
- दर १२ इंची कुंडीला निंबोळी पेंड एक मूठ आणि हाडांची भुकटी एक मूठ

कोकोपीट यापेक्षा वाढवू नका. गच्चीवर वजन कमी व्हावं म्हणून निम्मी कुंडी कोकोपीटने भरतात. वरून ते कोरडं दिसतं, आतून चिंब असतं, आणि डेलियाला तेच बाधतं. काठीलाही त्यात पकड मिळत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली ही अळी मुळं आणि कंद खाते, आणि वरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की रोप पाणी देऊनही मान टाकतंय. कुजलेलं खत हातात घेतल्यावर थंड लागतं, भुरभुरीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो. हाताला ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर ते अजून दोन महिने बाजूला ठेवायचं.

मिश्रण तयार झालं की कुंड्या भरून, पाणी मारून पंधरा दिवस सावलीत ठेवा. पेंड मुरायला आणि माती बसायला हा वेळ लागतो. ताजी पेंड घातलेल्या मातीत त्याच दिवशी रोप लावलं तर मुळांना चटका बसतो आणि बुरशीही धरते.

कुंडीचं माप: बुटक्या जातींना ८ ते १० इंच, मध्यम फुलांना १२ इंच, ताटाएवढ्या फुलांना १४ इंच किंवा मोठी ग्रो बॅग. जमिनीत दोन रोपांत बुटक्यांसाठी एक फूट, मध्यम जातींसाठी दीड फूट आणि मोठ्या जातींसाठी दोन ते अडीच फूट अंतर.

तपासा: भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. मिनिटाभरात तळातून बाहेर आलं पाहिजे. पाणी वर साचून राहत असेल तर रोप लावायच्या आधीच वाळू वाढवा.

## ४. लावणी: काठी आधी, रोप नंतर

मोठ्या आणि मध्यम जातींना काठी लागतेच. झाड दोन फुटांचं झाल्यावर बुंध्याशी काठी खुपसली की ती हमखास कंदातून आरपार जाते. जखमेतून कुज शिरते आणि ऐन फुलांच्या वेळी झाड बसतं. म्हणून रिकाम्या कुंडीत किंवा खड्ड्यात आधी काठी रोवा, मग तिच्यापासून चार बोटांवर रोप लावा. चार-पाच फुटांची बांबूची काठी, निदान एक फूट जमिनीत. बुटक्यांना काठी नको.

कटिंगचं रोप पिशवीत होतं त्याच खोलीवर लावा. फार तर खालच्या पानांची एक जोडी काढून तेवढा भाग मातीत गेला तरी चालतो, तिथून जास्तीची मुळं फुटतात. लावणी संध्याकाळी करा.

कंद लावत असाल तर जमिनीत चार ते सहा इंच खोल, आडवा ठेवून, डोळा वरच्या बाजूला आणि काठीकडे वळवून. कुंडीत तीन-चार इंच पुरे. वर माती घाला, एकदा बेताचं पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत जवळजवळ विसरून जा. कंदात फुटायला पुरेसं पाणी आणि अन्न असतं. पानं नसताना तो मातीतलं पाणी फारसं वापरत नाही, आणि रोज पाणी घातलं तर कुजतो. माती अगदी धूळ झाली तरच शिंपडा. कोंब यायला दोन ते पाच आठवडे लागू शकतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये फुलांसाठी लावायचा कंद सप्टेंबरमध्येच जागा झालेला हवा. ते कसं करायचं, हे शेवटच्या टप्प्यात येईल.

सावध: जातीच्या नावाची पट्टी लावणीच्या वेळीच काठीला बांधा. फुलं येईपर्यंत सगळ्या डेलियांची पानं सारखीच दिसतात.

## ५. पहिले तीन आठवडे

याच काळात ऑक्टोबर हीट असते. लावल्यापासून आठ-दहा दिवस दुपारी बारा ते चार सावली करा. हिरवी नेट, जुनं पातळ कापड, काहीही चालेल. त्यानंतर मात्र काढून टाका. सावलीत राहिलेली रोपं उंच आणि पोकळ होतात.

पाणी बोट घालून ठरवायचं. तर्जनी दोन पेरं मातीत घाला, तिथे ओल असेल तर पाणी नको. कोरडं लागलं की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्या. रोज थोडं-थोडं दिलं तर वरचे दोन इंच सतत ओले आणि खालचं कोरडं, अशी अवस्था होते आणि मुळं वरच राहतात. पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर फवारा उडवायची सवय पानांचे रोग आणते.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाईने पाणी घालू नका. कडक उन्हात मोठी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात. सकाळी सातलाही पानं पडलेली असतील तरच काळजी करा, आणि तेव्हा आधी माती बघा. माती ओली असूनही झाड पडलं असेल तर मुळं कुजताहेत किंवा हुमणी लागली आहे. अशा वेळी पाणी बंद करून बुंध्याजवळची माती हलक्या हाताने उकरून बघायची.

या तीन आठवड्यांत खत अजिबात नाही. मातीत घातलेलं पुरेसं आहे.

## ६. शेंडा खुडणं

हे काम टाळलं जातं, कारण वाढत्या रोपाचा शेंडा तोडायला मन होत नाही. पण न खुडलेलं रोप एका सोटासारखं वर जातं, वर एक फूल देतं आणि वाऱ्याला मोडतं.

पानांच्या चार जोड्या पूर्ण उघडल्या, रोप साधारण एक फुटाचं झालं की चौथ्या जोडीच्या वरचा कोवळा शेंडा नखाने खुडा. नखाने सहज तुटला पाहिजे. सिकेटर (छाटणीची कात्री) लागतंय याचा अर्थ उशीर झाला आणि तुम्ही पोकळ खोड कापताय. त्या पोकळीत पाणी साचून खोड खालपर्यंत सडू शकतं. हफ्ता-दहा दिवसांत प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे निघतील.

किती फुटवे ठेवायचे ते जातीवर ठरतं:

- पॉम्पॉन, बॉल आणि इतर लहान फुलांच्या जाती: सगळे ठेवा.
- मध्यम डेकोरेटिव्ह (पसरट पाकळ्यांच्या) आणि कॅक्टस (अरुंद, टोकदार पाकळ्यांच्या) जाती: चार ते सहा.
- दहा इंचांच्या आसपास फूल देणाऱ्या मोठ्या जाती: दोन किंवा तीन. एकच थोर फूल हवं असेल तर शेंडा न खुडता बगलेचे फुटवे काढत जा.
- बियांवरच्या बुटक्या जाती आपणहून फुटतात, पण एकदा खुडलं तर गच्च होतात.

खुडल्यामुळे फूल दोन-तीन आठवडे पुढे जातं, हे तारखेत धरा. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे असतं. तिथे कुंडी न्यायची असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं रोप महिनाअखेरपर्यंत खुडून झालं पाहिजे. मोठ्या जातीत वाटाण्याएवढ्या कळीपासून पूर्ण उमललेल्या फुलापर्यंत साधारण एक महिना जातो, त्यावरून मागे मोजत या.

खुडून झालं की बांधायला सुरुवात. सुतळी आधी काठीला घट्ट, मग काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन खोडाभोवती सैल. खोड आणि सुतळीमध्ये करंगळी सहज गेली पाहिजे. दर फूटभर वाढीला एक नवी गाठ मारा.

## ७. खत: कधी बदलायचं

नवे फुटवे चार बोटं वाढले की खत सुरू करा, त्याआधी नाही. दर दहा-बारा दिवसांनी १९:१९:१९ (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाश यांचे) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात २ ग्रॅम, माती ओली असताना बुंध्याभोवती द्या. सेंद्रियच द्यायचं असेल तर मोहरीची पेंड चार-पाच दिवस भिजवून, वरचं पाणी दहापट पातळ करून द्या.

पहिली कळी दिसली की हे थांबवायचं आणि ०:५२:३४ वर यायचं, तेवढ्याच प्रमाणात. फुलं उमलायला लागली की दोन-तीन वेळा ०:०:५० दिलं तर देठ कणखर होतात. मुख्य मुद्दा एवढाच, की कळी आल्यावर नत्र वाढवायचं नाही. युरिया तर कधीच नको. जास्त नत्राने पानं गर्द हिरवी आणि मोठी होतात, बघणारा खूश होतो, पण देठ मऊ पडतात, मावा (रस शोषणारी बारीक कीड) धावून येतो आणि कंद असे पाणथळ भरतात की उन्हाळ्यात टिकत नाहीत.

तपासा: कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसला तर क्षार साचले आहेत. एक खेप खताची गाळा आणि भरपूर साधं पाणी निथळू द्या.

## ८. कळ्या निवडणं

प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या एकत्र येतात, मधली मोठी आणि दोन बाजूला. मध्यम आणि मोठ्या जातींत मधली ठेवून बाजूच्या दोन्ही खुडा. मधली कळी वाटाण्याएवढी असतानाच हे करा, अंगठ्याने बाजूला दाबलं की लहान कळ्या टपकन निघतात. त्याच फांदीवर कळीच्या लगत खालच्या दोन पानजोड्यांच्या बगलेतले फुटवेही काढा. एवढं केलं की देठ लांब होतो आणि फूल पानांच्या वर मान काढून उभं राहतं. त्याखालचे फुटवे मात्र राहू द्या, पुढची फुलं तिथूनच येणार आहेत.

मधल्या कळीला अळीने भोक पाडलं असेल तर ती काढून बाजूची एक ठेवावी. म्हणून खुडायच्या आधी मधली कळी चहूबाजूंनी फिरवून बघा.

बुटक्या आणि पॉम्पॉन जातींत कळ्या खुडायचं कारण नाही.

## ९. कीड आणि रोग: पान उलटून बघायची सवय

आठवड्यातून दोनदा खालची चार-पाच पानं उलटून बघा. डेलियावरचं बहुतेक संकट पानाच्या मागच्या बाजूने सुरू होतं.

मावा: कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके, पानं चिकट, मुंग्यांची रांग. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार झोताने धुवा. नाही आटोक्यात आलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा.

फुलकिडे: कळ्या तपकिरी कडांच्या, पाकळ्यांवर पांढरे ओरखडे. पांढऱ्या कागदावर फूल झटकलं की बारीक पिवळसर किडे पळताना दिसतात. कळी रंग दाखवायच्या आधीच नीमची फवारणी सुरू हवी. निळे चिकट सापळे मदत करतात. उमललेल्या फुलावर मात्र काहीही फवारू नका, डाग पडतात आणि मधमाश्याही मरतात.

लाल कोळी: फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की हा येतो. पानावर बारीक फिकट ठिपके, मागे बारीक जाळं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा मारा, दुपारपर्यंत पानं सुकू द्या. पाणी पानांवर नको हा नियम इथे तेवढ्यापुरता सोडायचा.

भुरी: पानांवर पांढरी पावडर. खालची दाट पानं काढून हवा खेळती करा. वाढत असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. नीम तेल फवारल्यानंतर दोन आठवडे गंधक वापरू नका आणि भर उन्हात तर नकोच, पानं करपतात.

विषाणू: शिरांच्या कडेने पिवळे पट्टे, पानं वेडीवाकडी, झाड खुजं. यावर औषध नाही. झाड कंदासकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. रोग माव्यातून आणि कात्रीतून पसरतो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर स्पिरिटने पुसा. अशा झाडाचा कंद आवडता म्हणून जपला की पुढच्या वर्षी सगळा वाफा आजारी पडतो. इथे माया आवरायलाच हवी.

## १०. फूल कापणं आणि सुकलेलं काढणं

डेलियाची कळी कापून पाण्यात ठेवली तर उमलत नाही. तीन चतुर्थांश ते पूर्ण उघडलेलं फूल कापा आणि कापण्याआधी मागून बघा. मागच्या पाकळ्या टवटवीत असतील तरच ते फुलदाणीत चार-पाच दिवस टिकेल. वेळ पहाटेची, बरोबर पाण्याची बादली. देठ लांब कापा, पानांच्या जोडीच्या अगदी वर. आखूड देठ कापण्यात झाडाचा फायदा नाही. जितकं खाली कापाल तितका पुढचा फुटवा जोमदार येतो.

सुकलेली फुलं दर दोन-तीन दिवसांनी काढली पाहिजेत, नाहीतर झाड बी धरतं आणि नव्या कळ्या कमी होतात. यात एक गफलत फार होते. पाकळ्या गळलेलं जुनं बोंड आणि नवी कळी दोन्ही हिरवी, आणि घाईत नवीच कळी खुडली जाते. नवी कळी गोल, वरून चपटी आणि घट्ट असते. जुनं बोंड निमुळतं, टोकदार असतं आणि दाबलं की मऊ लागतं, कधीकधी आतून पाणी येतं. शंका आली तर दाबून बघा.

फेब्रुवारीत भरगच्च जातीच्या फुलातही मधली पिवळी चकती उघडी दिसायला लागली तर तो कीटकाचा प्रकार नाही. झाड थकतंय. या वेळी खत वाढवू नका, पुढच्या टप्प्याची तयारी करा.

## ११. मार्च: कंद काढणं आणि साठवणं

फुलं आटोपत आली की पाणी हळूहळू कमी करा, पण झाड हिरवं असताना छाटू नका. पानं आपणहून पिवळी पडू द्या, त्या दोन-तीन आठवड्यांत कंद पिकतो. मग खोड जमिनीपासून सहा इंचांवर कापा आणि आठवडाभर तसंच ठेवा, म्हणजे डोळे फुगून दिसायला लागतात. खोड पोकळ असतं. अवकाळी पाऊस आला तर वरून पाणी थेट बुंध्यात उतरतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा दोऱ्याने बांधा.

काढताना बुंध्यापासून फूटभर लांबून चारही बाजूंनी माती सैल करा आणि खालून दोन्ही हातांनी गड्डा उचला. खोड धरून ओढलं की माना मोडतात, आणि मान मोडलेल्या कंदाचं काय होतं ते वर आलंच आहे. माती हलकेच काढा, कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम या द्रावणात पंधरा मिनिटं बुडवा (हातमोजे घालून), सावलीत तीन-चार दिवस उलटे सुकवा. वेगळे करण्याची घाई नको, आपल्या उन्हाळ्यात अखंड गड्डा सुट्या कंदापेक्षा चांगला टिकतो.

साठवण हाच आपल्याकडचा खरा अवघड भाग आहे. एप्रिल-मेमध्ये कंद सुकून सुरकुततात आणि जूननंतर दमट हवेत सडतात. भाजीचा जाळीचा क्रेट घ्या, कागद अंथरा, कोरड्या वाळूत किंवा अगदी किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गड्डे ठेवा, एकमेकांना न चिकटता. घरातला सगळ्यात गार, अंधारा आणि हवेशीर कोपरा निवडा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको, फ्रीजमध्ये भाजीफळांजवळ तर नकोच.

दर महिन्याला क्रेट उघडून प्रत्येक कंद दाबा. सुरकुतला असेल तर कोकोपीटवर चार थेंब पाणी. मऊ लागला तर सडका भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापून राख किंवा बुरशीनाशक लावा. गाभाच तपकिरी असेल तर फेका.

कुंडीतल्या झाडांना एक सोपा पर्याय आहे: कंद काढूच नका. कुंडी आडवी करून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, जिथे पावसाचा शिंतोडाही येणार नाही. जागा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

## १२. जुलैअखेर ते सप्टेंबर: कंद जागवणं आणि कटिंग

जुलैच्या शेवटी गड्डे बाहेर काढा. छपराखाली, उजेडात, उथळ ट्रेमध्ये कोकोपीट आणि वाळू समप्रमाणात घेऊन गड्डे असे ठेवा की बुंध्याचा भाग वर उघडा राहील. थोडंसं पाणी शिंपडा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतील. आता गड्डे विभागायचे असतील तर हीच वेळ, कारण डोळा डोळ्यांनी दिसतो. धारदार सुरीने प्रत्येक कंदाला मान, बुंध्याचा तुकडा आणि निदान एक डोळा येईल असं कापा, आणि कापलेला भाग दोन दिवस सुकू द्या.

कोंब तीन इंचांचे झाले की कटिंग घ्या. कोंबाच्या तळाशी कंदाची बारीक चकती येईल असं कापलं तर मुळं लवकर धरतात, पण तो डोळा संपतो. थोडं वर, शेवटच्या पेराखाली कापलं तर त्याच डोळ्यातून पुन्हा कोंब येतात आणि एका गड्ड्यापासून बरीच रोपं होतात. खालची पानं काढा, रूटिंग हार्मोनच्या पावडरीत टोक बुडवा, ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये पेन्सिलने भोक पाडून लावा. थेट खुपसलं तर पावडर पुसली जाते. सावलीत ठेवा, दिवसातून एकदा हलका फवारा. दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात.

तपासा: कटिंग हलकेच ओढून बघा. धरून राहिलं आणि शेंड्याला नवं पान दिसलं तर चार इंची पिशवीत हलवा, आणि रोज तासभर सकाळच्या उन्हापासून सुरुवात करून दहा दिवसांत पूर्ण उन्हाची सवय लावा. पोकळ, पेन्सिलीएवढ्या जाड कोंबाला मुळं सहसा धरत नाहीत, म्हणून कोंब कोवळा आणि भरीव असतानाच घ्या. हे काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झालं तर सप्टेंबरअखेर रोपं लावणीला तयार असतात. प्रत्येक जातीची दोन-तीन रोपं जास्तीची ठेवा, परतीचा पाऊस एखाद-दुसरं नेतोच.